शकुंतलेच्या रुळाकाठचा एक दिवस : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात शकुंतलेबद्दल, म्हणजे वऱ्हाडातल्या त्या आता बंद पडलेल्या छोट्या रेल्वेगाडीबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या, हिवाळ्यात एक दिवस काढून मूर्तिजापूर ते अचलपूर रुळाच्या काठाकाठानं जाऊन या, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की हा पूर्ण कॉलम तिलाच दिला. सगळी छापता येत नाहीत म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, पत्रातली भाषा मात्र जशी आली तशीच ठेवली.

प्रश्न : ताई, तुमचं वाचून माह्या बाबानं तो कागद कापून उशाखाली ठेवला. त्याईचं वय ७८ हाये. तरुणपणी बनोशावरून मूर्तिजापूरले याच गाडीनं येजा करत. आता म्हणतात मले एकदा तिकडं नेऊन आना. पन गाडीच बंद झाली तं तिथं जाऊन पाहाचं काय? सोबत माही दोन लेकरं, एक चौथीत एक सातवीत, ते तं मोबाईल सोडत नाहीत, त्याईले काय दाखवू? एका दिवसात होते काय, कुठून सुरुवात करू, सगळं सांगजा. – एक शिक्षिका, दर्यापूर तालुका

उत्तर : होते, आरामात होते, आणि बाबांना नक्की न्या. पण निघायच्या आधी घरात एक गोष्ट सगळ्यांना सांगून ठेवा की आपण गाडी पाहायला जात नाही आहोत. गाडी नाही तिथं. आपण बाबांसोबत त्यांच्या रस्त्यानं जातोय. हे आधी सांगितलं नाही तर लेकरं पहिल्याच स्टेशनावर विचारतील इंजिन कुठाय, आणि नाही म्हटलं की हिरमुसतील, माझ्या मुलाचं अगदी असंच झालं होतं, मग उरलेला अर्धा दिवस त्याची समजूत घालण्यात गेला.

सुरुवात मूर्तिजापूरवरूनच करा, तुम्हाला दर्यापूरवरून उलटं जावं लागलं तरी. सकाळी आठच्या आत पोचा. कारण ह्या गाडीचं सगळं गणित तिथंच कळतं. मुंबई–नागपूरची मोठी लाईन मूर्तिजापुरातून जाते, ती लाईन १८६७ साली नागपूरला पोचली होती, आणि शकुंतलेच्या दोन वाटा याच स्टेशनातून फुटायच्या, एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, साधारण ११३ किलोमीटर, आणि दुसरी दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, साधारण ७६ किलोमीटर. मोठ्या लाईनच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच फूट, आणि आपल्या शकुंतलेचं ७६२, म्हणजे अडीच फूट. हे आकडे लेकरांना नुसते सांगू नका. फुटपट्टीनं मोजलेली दोरी घरूनच घेऊन जा, एक साडेपाच फुटांची आणि एक अडीच फुटांची, आणि स्टेशनाच्या बाहेर मोकळ्या जागेत जमिनीवर टाकून दाखवा. चौथीतला पोरगा अडीच फुटांवर सहज टांग टाकून उभा राहतो, साडेपाचवर नाही राहू शकत, बस, गेज म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही. मोठ्या लाईनच्या रुळात मात्र मोजायला उतरू नका, ती धावती लाईन आहे, पुलावरूनच पलीकडे जा आणि प्लॅटफॉर्म तिकीट काढा.

आणि तिथं उभं राहून त्यांना विचारा, छोट्या गाडीतला कापूस मोठ्या गाडीत कसा जात असेल? डबा तर चढत नाही, रुळच वेगळे. तर तो गठाणींनी उतरवायचा, हमालांच्या पाठीवर, आणि पलीकडच्या डब्यात भरायचा. वऱ्हाडातल्या शेतातून सरकी काढायला जिनिंगमध्ये, जिनिंगमधून गठाण बांधायला प्रेसमध्ये, प्रेसमधून गठाण ह्या गाडीत, मूर्तिजापूरला पाठीवर, मग मुंबई, मग बोटीनं मँचेस्टर. ही गाडी माणसांसाठी नव्हतीच टाकली, कापसासाठी टाकली होती, माणसं नंतर तिच्यावर चढली आणि तिला आपली करून बसली. मला ह्या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडते.

मूर्तिजापूरवरून पुढं लाखपुरी. इथं पूर्णा ओलांडायची. पूर्णा सातपुड्यात उगवून पुढं तापीला मिळते, आणि तिच्या दोन्ही काठचा हा पट्टा म्हणजे आपला खारपाणपट्टा, तुम्ही दर्यापूरच्याच म्हणजे तुम्हाला काय सांगायचं, पण लेकरांना सांगा की इथं विहीर खोदली तरी पाणी खारं लागतं. प्यायचं पाणी घरून भरपूर न्या. रेल्वेच्या पुलावर चढू नका, कितीही मोह झाला तरी, बंद पडलेल्या लाईनचे रुळाखालचे लाकडी स्लीपर वरून धड दिसतात आणि पाय दिला की जातात. काठावरूनच पाहा. डिसेंबर-जानेवारीत तिथं एका बाजूला तूर उभी असते, एका बाजूला हरभरा, कापसाची वेचणी चालू असते, बाया ओटी बांधून वेचत असतात, आणि मधून ही गंजलेली लाईन गेलेली. कापूस अजून आहे, गाडी नाही. बाबांना तिथं थोडा वेळ एकटं उभं राहू द्या.

मग बनोसा. दर्यापूरच्या स्टेशनचं नाव दर्यापूर नाही, बनोसा, कारण स्टेशन पडलं ते बनोशाच्या बाजूला आणि दोन्ही गावं आता एकमेकांत मिसळून गेलीत. हे तुमच्या बाबांचं स्टेशन. इथं घाई करूच नका. मी माझ्या आईला घेऊन गेले होते तेव्हा मला वाटलं होतं दहा मिनिटं थांबू आणि निघू, दीड तास लागला. ती एका जागी उभी राहिली आणि म्हणाली इथं आम्ही बसायचो, मग चार पावलं पुढं गेली आणि म्हणाली नाही नाही इथं, तिथं सावली नव्हती. म्हणजे पन्नास वर्षांनंतर बाईला सावली कुठं पडायची ते आठवत होतं. गाडीच्या धुराची गोष्ट तिनं तिथंच सांगितली, कोळशाचा कण डोळ्यात गेला की माझी आजी पदराचं टोक गोळा करून त्यावर फुंकर मारून ती ऊब डोळ्याला लावायची, आणि प्रवासात प्रत्येक लेकराचं हे एकदा तरी व्हायचंच. तेव्हा वाफेचंच इंजिन होतं. झेडडी जातीचं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून इथं धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला कायमचं थांबलं, मग डिझेल आलं. म्हणजे सत्तर वर्षं वाफेचंच इंजिन. तुमच्या बाबांचा तरुणपणचा प्रवास वाफेच्या इंजिनामागंच झाला असणार, त्यांना त्याच्या शिट्टीबद्दल विचारा, आवाज काढून दाखवा म्हणा. लेकरं मोबाईल सोडत नाहीत म्हणता ना, तर हाच मोबाईल त्यांच्या हातात द्या आणि सांगा आबा जे बोलतील ते सगळं रेकॉर्ड करायचं, एक जण रेकॉर्ड करेल, एक जण प्रश्न विचारेल. माझ्या मुलानं असंच केलं तेव्हा त्याचा रुसवा गेला.

जेवायला अंजनगाव सुर्जीच्या अलीकडं कुठंतरी शेतात थांबा, ओळखीचं कोणी असेल तर त्यांच्या शेतात, नाही तर विचारून, आपल्याकडं नाही कोणी म्हणत नाही. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी घरून, आणि शेंगा-घाटे त्या दिवसात मिळतातच. हॉटेल शोधत बसू नका. अंजनगाव पानमळ्यांचं गाव, नागवेलीचा मळा लेकरांना आतून दाखवा, बाहेर ऊन आणि आत अंधारी गारवा, त्यांना खूप आवडतं. आणि याच गावच्या नावानं शाळेच्या पुस्तकात तह आहे, ३० डिसेंबर १८०३ चा सुर्जी-अंजनगावचा तह, दौलतराव शिंदे आणि इंग्रजांमधला, त्याच्या पंधरा दिवस आधी इंग्रजांनी वर डोंगरातला गाविलगड किल्ला घेतला होता. सातवीच्या लेकराला हे सांगितलं की पुढची साखळी आपोआप लागते : १८०३ ला लढाई, १८५३ ला निजामानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती दिला, मग १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत एकदम वाढली, मग आधी मोठी लाईन, १८७० ला खामगावचा फाटा, आणि शेवटी गावागावातून कापूस ओढून आणायला ही छोटी लाईन.

वेळ असला तर अंजनगाव तालुक्यातच शेंडगाव आहे, गाडगेबाबांचं जन्मगाव, २३ फेब्रुवारी १८७६. त्यांचं लहानपण मूर्तिजापूर तालुक्यात मामाकडं गेलं. म्हणजे ह्या लाईनचं एक टोक त्यांचं आजोळ आणि दुसरीकडं त्यांचं गाव. तिथं जायचं का नाही हे बाबांच्या तब्येतीवर ठरवा.

पथ्रोटच्या पुढं सातपुडा अंगावर यायला लागतो. दिवसभर सपाट पाहिलेलं असतं, त्यामुळं तो निळा डोंगर दिसला की गाडीतले सगळे गप्प होतात. मग अचलपूर, शेवटचं स्टेशन, लाईन इथं संपते. जुनं एलिचपूर, इमादशाहीची राजधानी, १४९० पासून पुढं ऐंशीएक वर्षं वऱ्हाडचं स्वतंत्र राज्य इथून चाललं. हौजकटोरा पाहून घ्या उजेड आहे तोवर, तलावाच्या मधोमधची ती अष्टकोनी इमारत. आणि परतवाड्यात संत्री घ्या आणि निघा. गाडीला हे ७६ किलोमीटर जायला साधारण चार तास लागायचे, तुम्हाला थांबत थांबत पूर्ण दिवस लागेल, आणि तसाच लागू द्या.

एक राहिलं, गवतातून जाताना पायात बूट असू द्या, रुळाच्या खडीत साप असतात. आणि स्टेशनच्या इमारती बंद असल्या तर कुलूप-खिडक्यांशी झटापट करू नका, बाहेरून बघा.

प्रश्न : आमच्या कारंज्यात सगळेच म्हणतात का ही रेल्वे अजूनही इंग्रजाची हाय आनि भारत सरकार त्याईले भाडं देते. हे खरं हाय का अफवा? कॉलेजात यावर भांडन झालं. – बी.ए.चा विद्यार्थी, कारंजा लाड

उत्तर : अफवा नाही, पण जसं सांगतात तसं सरळही नाही. किलिक निक्सन नावाची एजन्सी कंपनी होती, १८५७ साली मुंबईत निघालेली, इंग्रज व्यापाऱ्यांचीच. तिनं १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि ह्या लाईनी त्या कंपनीच्या मालकीच्या झाल्या. नावात सेंट्रल प्रॉव्हिन्सेस यासाठी की १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं होतं. गाडी चालवायचं काम मात्र कंपनी स्वतः करत नव्हती, ते जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडं, कराराने. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या, ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे तयार झाली, आणि जीआयपीचं काम तिच्याकडं आलं. पण ह्या छोट्या लाईनची मालकी तशीच राहिली, करार तसाच राहिला, चालवणार मध्य रेल्वे आणि मालक खासगी कंपनी. त्यामुळं उत्पन्नातला हिस्सा कंपनीला द्यायचा हे चालत आलं.

आता «इंग्रजांची» म्हणताना एवढं लक्षात ठेव, की किलिक निक्सन स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय हातात गेली. म्हणजे लंडनमध्ये बसलेला कोणी साहेब दर महिन्याला यवतमाळचं भाडं मोजतोय असं चित्र डोळ्यासमोर आणू नकोस. खरा प्रश्न साहेबाचा नव्हताच. खरा प्रश्न हा की मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की घर कोणी शाकारायचं? भाडेकरू म्हणतो माझं घर नाही, मालक म्हणतो मी राहत नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगानं गाडी का चालायची, गेटावर माणूस का नसायचा, गाडीतल्याच माणसानं उतरून गेट लावायचं, गाडी पुढं न्यायची आणि परत उतरून गेट उघडायचं, हे का, त्याचं मला दिसणारं मोठं कारण हेच. कॉलेजात भांडायचं तर यावर भांडा, ते उपयोगाचं आहे.

प्रश्न : आम्ही पुलगावचे. आमच्याकडची पुलगाव-आर्वी पण तशीच बंद. मुलीला छोट्या गाडीत खरंच बसायचं आहे, तिनं चित्रात पाहिली. विदर्भात अशी गाडी कुठं चालू आहे का? दार्जिलिंगला नेणं परवडत नाही. – वर्धा जिल्हा

उत्तर : पुलगाव-आर्वी, ३५ किलोमीटर, तीसुद्धा शकुंतलेचीच बहीण, त्याच कंपनीची, त्याच अडीच फुटांची. आर्वीचा कापूस पुलगावला आणायची. तुमच्या मुलीला आधी तीच दाखवा, गावातली आहे.

प्रवाशांची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, विदर्भात आता चालू नाही. नागपूर-छिंदवाडा २०१५ च्या नोव्हेंबरअखेर थांबली, नागपूर-नागभीड २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये. मुलीला बसायचंच आहे तर नागपूरचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम, मोतीबागला, १४ डिसेंबर २००२ ला उघडलेलं. तिथं खरी वाफेची इंजिनं उभी आहेत, हात लावता येतो, आणि मुलांसाठी आवारात फेरी मारणारी छोटी गाडी आहे. निघायच्या आधी चौकशी करून जा, सुट्टीचा दिवस निघाला तर लेकरू रडतं. पुढं कधी मुंबईकडं गेलात तर नेरळ-माथेरान, १९०७ ची, ती शकुंतलेपेक्षाही अरुंद, दोनच फुटांची.

आणि मुलीला एक सांगा, तिनं चित्रात पाहिलेली गाडी कालका-शिमल्याची असेल तर तिचे रुळ आणि आर्वीच्या गाडीचे रुळ अगदी सारख्या मापाचे आहेत, ७६२ मिलीमीटर. ती २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, दार्जिलिंग १९९९ पासून, निलगिरी २००५ पासून. डोंगरातल्या गाड्यांना हा मान मिळाला कारण तिथं चढ आहेत, बोगदे आहेत, थंड हवा आहे, पाहुणे जातात. आपल्या गाडीला बोगदा नाही, सपाट काळी जमीन आहे आणि पऱ्हाटी आहे, म्हणून तिचं फोटोत काही दिसत नाही. पण मला विचाराल तर शेतकऱ्याच्या बांधाला लागून जाणारी, हात दाखवला तर थांबणारी गाडी हाही वारसाच आहे, आणि तो आपल्या शाळांमध्ये कोणी शिकवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : दोस्तासंग लाईन पाहाले गेलतो. एक मोठा खिळा उखडून पडला व्हता, आठवन म्हनून घरी आनला. यात काही चुकलं काय? – यवतमाळ

उत्तर : चुकलं. परत नेऊन जवळच्या स्टेशनावर किंवा रेल्वे पोलिसांकडं द्या आणि जसं झालं तसं सांगा. गाडी बंद असली तरी रुळ, खिळे, स्लीपर, पाट्या ही सगळी रेल्वेच्या ताब्यातली मालमत्ताच राहते, आणि त्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, रेल्वेची वस्तू बेकायदा जवळ ठेवणं हाच गुन्हा. पण मी कायद्यासाठी म्हणत नाही फक्त. तुम्ही एक खिळा आणता, दुसरा एक पाटी आणतो, तिसरा भंगारात विकायला रुळच कापतो, आणि मग पुढच्या हिवाळ्यात कोणी आपल्या बापाला घेऊन आलं की दाखवायला नुसती खडी उरते.

आठवण हवी तर घरातल्या जुन्या पेट्या उघडा. पुठ्ठ्याचं ते जाड छोटं तिकीट, अंगठ्याएवढं, कुणाच्या तरी पोथीत नाही तर देवघरातल्या डब्यात हमखास सापडतं. ते तुमचं आहे, पैसे देऊन घेतलेलं.

प्रश्न : तुम्ही शहरातले लोक वारसा वारसा करता, आणि आम्हाला मोठी गाडी पाहिजे. वारसा म्हणून ही लाईन अशीच ठेवली तर आमच्या पोरांनी मूर्तिजापूरला जायचं कशानं? – शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : दादा, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे आणि मी शहरातली नाही, पण ते जाऊ द्या. ज्या गावात सकाळी दवाखान्यात जायला वाहन नाही तिथं मी म्हणायचं की गंजलेले रुळ जपा, हे बरोबर नाही. शकुंतला लोकांना हवी होती ती जुनी होती म्हणून नाही, स्वस्त होती म्हणून. एसटीच्या तिकिटाच्या मानानं तिचं तिकीट काहीच नव्हतं, पोत्यासकट, बकरीसकट माणूस जायचा, मजुरी करणारी बाई दिवसाची मजुरी तिकिटात न घालवता बाजार करून यायची. ती गाडी गेली तेव्हा सगळ्यात जास्त नुकसान तिचं झालं, आमच्यासारख्या आठवणी काढणाऱ्यांचं नाही.

२०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ह्या लाईनीचं ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन, करायचं जाहीर झालं होतं. लोक तेव्हापासून वाट पाहतायत. दुसरीकडं वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या नव्या मोठ्या लाईनचा वर्धा ते कळंब तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, म्हणजे यवतमाळला मोठी गाडी त्या बाजूनं येईल. पण दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव यांचं काय, हा तुमचा प्रश्न उभाच राहतो, आणि तो तुम्ही ग्रामसभेत, निवेदनात, निवडणुकीत, सगळीकडं विचारला पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच की ब्रॉडगेज करताना दोन गोष्टी सहज होऊ शकतात. एक, जुन्या स्टेशनांपैकी एखादी चांगली इमारत न पाडता ठेवायची, तिच्यात जुने दिवे, टोकन, नकाशे, तिकिटं लावायची, नव्या स्टेशनाच्या बाजूलाच. दोन, मूर्तिजापूरला चार-पाच किलोमीटर छोटी लाईन जागेवर ठेवून तिच्यावर रविवारी एक इंजिन दोन डबे चालवायचे. तुमची मोठी गाडी त्यानं अडत नाही, आणि मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस पलीकडं छोटी पाहील. दोन्ही मागा. एक मागितलं म्हणजे दुसरं सोडलं असं नाही.

प्रश्न : माही उमर ८१. लाखपुरीच्या बाजूनं आमचं वावर. गाडी वावराच्या धुऱ्यावरून जाये. घड्याळ नव्हतं कोनापाशी, बाया गाडीची शिट्टी आयकून शिदोरी सोडत. हे आता कोनाले सांगू, घरी कोनी आयकत नाही. लिहून पाठवू काय तुमाले? – मूर्तिजापूर तालुका

उत्तर : काका, पाठवा. आजच पाठवा. लिहायचा कंटाळा येत असेल तर नातवाला सांगा मोबाईलवर तुमचा आवाज भरून पाठव म्हणून, जसं बोलता तसंच, वऱ्हाडीतच, शुद्धबिद्ध करायचं नाही. पुस्तकात इंजिन कुठं बनलं ते सापडतं, कंपनी कधी निघाली ते सापडतं, वावरातल्या बायांनी शिदोरी कधी सोडली ते कुठंच लिहिलेलं नाही, ते तुमच्यापाशीच आहे.

वरच्या पहिल्या पत्रातल्या ताई बाबांना घेऊन लाखपुरीवरूनच जाणार आहेत, तुमची परवानगी असेल तर तुमच्या वावराचा पत्ता मी त्यांना वेगळा कळवते, दोघं धुऱ्यावर बसून बोला, त्यांची लेकरं रेकॉर्ड करतील. आणि मला एवढं आधी कळवा, ती शिदोरीची शिट्टी मूर्तिजापूरवरून येणाऱ्या गाडीची होती का अचलपूरवरून येणाऱ्या, आणि बाया जेवायला बसत तेव्हा सावली झाडाच्या कोणत्या अंगाला असायची.